रिफंडचं कार्ड

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या बर्सर ऑफिसात, म्हणजे फीचा हिशेब सांभाळणाऱ्या ऑफिसात, मी नोकरी करते. फी घेणं, पावत्या देणं, हप्ते बांधून देणं, ही कामं कुणालाही सांगितली तरी कळतात. कळत नाही तो रिफंड. इथे कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकार पेल ग्रँट देतं. ते पैसे आधी कॉलेजकडे येतात, आम्ही फी कापून घेतो आणि उरलेली रक्कम 14 दिवसांच्या आत विद्यार्थ्याच्या हाती पडायला हवी असा नियम आहे. 2013-14 साली ही ग्रँट वर्षाला जास्तीत जास्त 5,645 डॉलर होती, निम्मी या सत्राला, निम्मी पुढच्या. कम्युनिटी कॉलेजची फी कमी, त्यामुळे काही शे डॉलर उरतात. त्यातून पुस्तकं घ्यावीत, बसभाडं भागवावं अशी अपेक्षा. प्रत्यक्षात कित्येकांचं त्या महिन्याचं घरभाडं त्यातूनच जातं. खिडकीपुढच्या या रांगेला ‘फुकटचे पैसे न्यायला आलेले’ म्हणणारे लोक आमच्या ऑफिसात होते. त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही.

पूर्वी आम्ही चेक छापायचो. पाकिटं भरायची, टपालखर्च सोसायचा, पत्ता बदलल्यामुळे परत आलेली पाकिटं पुन्हा पाठवायची. 240 दिवसांत चेक वटला नाही तर पैसे सरकारला परत करायचे, म्हणून त्याचाही पाठपुरावा. काम किचकट होतं हे मान्य. मग कॉलेजने ते एका कंपनीला देऊन टाकलं. आम्ही फक्त नावं आणि रकमांची फाइल पाठवायची. कंपनी प्रत्येकाच्या घरी कॉलेजचं चिन्ह छापलेलं प्रीपेड कार्ड पाठवायची. स्वतःच्या बँकेत पैसे घेण्याची सोय होती, पण वेबसाइटवरच्या त्या पानापर्यंत पोचायलाही आधी कार्डावरचा नंबर टाकावा लागे, आणि मग फॉर्म छापून, सही करून टपालाने पाठवावा लागे. कार्डाचं बटण मात्र सगळ्यात वर, ठळक. पोरांनी ते दाबलं यात नवल नाही. ते दाबलं जावं म्हणूनच तिथे ठेवलेलं होतं.

2013 च्या सप्टेंबरमध्ये रिफंडच्या दिवशी कॅंपसवरचं कंपनीचं एकुलतं एक बिनशुल्क एटीएम दुपार व्हायच्या आत रिकामं झालं. हजारो विद्यार्थ्यांचे पैसे एकाच दिवशी जमा होणार हे कंपनीला ठाऊक होतं, कारण फाइल तिच्याकडेच गेली होती. तरीही मशीन नेहमीइतकंच भरलेलं.

दुसऱ्या दिवशी तिशीतली एक विद्यार्थिनी खिडकीशी आली. नर्सिंगच्या आधीचे विषय करत होती, पदरात दोन मुलं. तिने काउंटरवर पावत्या मांडल्या, त्या गुळगुळीत, उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदाच्या. घरमालक रोख किंवा मनी ऑर्डर (इथे ती म्हणजे आधी पैसे भरून घेतलेला चेकसारखा कागद) घेतो, भाडं 850 डॉलर, कार्डावर नऊशेच्या आसपास. कॅंपसवरचं मशीन रिकामं म्हणून ती पेट्रोल पंपावरच्या मशीनकडे गेली. ते एका वेळी दोनशेच देई. प्रत्येक वेळी मशीनवाल्याचे तीन डॉलर, कंपनीचे अडीच डॉलर. शिल्लक पाहिली त्याचे पन्नास सेंट. किराणा घेताना पिन टाकला, त्याचेही पन्नास सेंट. त्यात दिवसाला 500 डॉलरची मर्यादा, म्हणून भाडं भरण्यापुरती रोख एका दिवसात निघेचना. आणि दर वेळी शुल्क कापलं जाई, तशी हातातली रोख आणि कार्डावरची शिल्लक मिळून होणारी रक्कम भाड्याच्या आकड्याकडे घसरायला लागली.

मी पावत्या ओळीने लावून बेरीज केली. तिने शांतपणे विचारलं, “हे पैसे मला सरकारने दिलेत ना? मग मध्ये ही कंपनी कुठून आली?”

मी तिला पोस्टात पाठवलं. अमेरिकेत पोस्ट डेबिट कार्डावर मनी ऑर्डर देतं, एक हजार डॉलरपर्यंत एकच, शुल्क तेव्हा दोन डॉलरच्या आत. पिन टाकल्याचे कंपनीचे पन्नास सेंट वर. हातातली रोख आणि उरलेल्या रकमेची मनी ऑर्डर मिळून तिचं भाडं कसंबसं बसत होतं. कार्डाच्या पाकिटातल्या कागदावर ही एक ओळ छापायला काय हरकत होती, हे मला आजही कळत नाही. त्या कागदावर शुल्कांचा तक्ता बारीक अक्षरात होता, आणि हेल्पलाइनवरचा माणूस मला तोच तक्ता वाचून दाखवत होता.

मी पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि वरच्यांसाठी मेमो लिहायला बसले. 2012 मध्ये बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेने या धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीला सुमारे 60,000 विद्यार्थ्यांचे 1 कोटी 10 लाख डॉलर परत करायला लावले होते, तेही त्यात घातलं. आपण चेकवर परत जावं, असं शेवटी लिहिणार होते. तेवढ्यात ती पोस्टातून परत आली, मनी ऑर्डर दाखवायला. मी काय लिहितेय ते तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “कार्ड बंद करू नका हं.”

तिचं जुनं बँक खातं ओव्हरड्राफ्ट न भरल्यामुळे बंद झालं होतं. अशांची नावं चेक्ससिस्टिम्स नावाच्या यादीत जातात आणि साधारण पाच वर्षं राहतात. तोवर बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत. चेक मिळाला तर तो वटवणाऱ्या दुकानात जायचं आणि शेकड्यामागे कापून घेतील ते द्यायचं. तिच्या हिशेबाने त्यापेक्षा कार्ड बरं होतं. फक्त मशीनमध्ये पैसे हवे होते आणि वरची कापाकापी नको होती.

मी मेमोचं शेवटचं पान बदललं. चेकचा आग्रह काढला, मशीनचा आणि शुल्कांचा ठेवला. संचालकांनी वाचून “करार आहे” एवढंच म्हटलं. आम्ही एक साधा करारही वाकवू शकत नाही, आणि जिचं नाव बँकेच्या यादीत आहे तिच्याकडून मात्र प्रत्येक पावतीवर वसुली होते, याचा मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

शिक्षण खात्याचे नवे नियम 2015 मध्ये जाहीर झाले आणि 1 जुलै 2016 पासून लागू झाले. विद्यार्थ्याचं स्वतःचं खातं यादीत सगळ्यात वर, आमच्यासारख्या करारांतल्या कार्डावर देशात खरेदी केल्याचं शुल्क नाही, आणि पैसे जमा होतात त्या दिवसांतही एटीएममधून ते मिळाले पाहिजेत, असंही एक कलम. ते कलम वाचताना मला तिच्या पावत्या आठवल्या. रिफंडच्या आठवड्याआधी मशीन कधी भरणार हे मी आता कंपनीकडून लेखी मागते. तिचे कापलेले डॉलर मात्र तिला परत मिळाले नाहीत. नवे नियम मागच्या वर्षांना लागू नव्हते.