हात वर न करता दिलेले उत्तर

सातवीच्या वर्गात ०.५ मोठे की ०.३५, असे विचारले, की आधी दोन-चार हात वर होतात आणि मग हुशार मुलांकडे पाहत बाकीचेही. पाचापेक्षा पस्तीस मोठे म्हणून ०.३५ मोठे, असे मानणारी मुले त्या हातांच्या आड लपून जातात. म्हणूनच क्लिकर, म्हणजे हातात धरून बटण दाबायचा छोटा कीपॅड, आमच्या यवतमाळकडच्या जिल्हा परिषद शाळांना फार उपयोगाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक कीपॅडला स्वतःचा क्रमांक असतो. दाबलेले उत्तर रेडिओ लहरींवरून संगणकाला जोडलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि कोणत्या पर्यायाला किती मते मिळाली, याचा आलेख पडद्यावर उमटतो. कीपॅड बॅटरीवर चालतात आणि त्यांना इंटरनेट लागत नाही. वीज गेली तरी चार्ज केलेल्या लॅपटॉपवर काम भागते, ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. उत्तर कोणाचे हे वर्गाला दिसत नाही, शिक्षकाला मात्र नंतर पाहता येते. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडालेली मुले परतल्यावर गप्प बसतात. त्यांचे नेमके काय राहून गेले, ते यातून कळते.

पण खरी किंमत आलेखानंतरच्या बोलण्याला आहे. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून हीच रीत घडवली: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवायचे आणि पुन्हा मत द्यायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तेव्हा ही चर्चा सर्वांत फळते. सगळ्यांचे बरोबर आले असेल तर सरळ पुढे जावे.

हात वर न करता मत देण्याचा फायदा सभेतही होतो. दारूबंदीसाठी महाराष्ट्रात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान गुप्त पद्धतीने होते, कारण शेजाऱ्यांच्या देखत हात वर करणे अनेक बायांना जड जाते. त्या कायदेशीर मतदानाची जागा कीपॅडने घेऊ नये. पण केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नव्या शिक्षकाला वरिष्ठांसमोर मोकळे मत देता यावे, यासाठी तो जरूर वापरावा.

एका शाळेला संच परवडत नसेल, तर केंद्रातल्या शाळांनी मिळून एक घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. तोवर प्लिकर्सची छापील कार्डे आहेतच: मुले कार्ड फिरवून उत्तर दाखवतात आणि शिक्षकाचा मोबाइल ते टिपतो.