चालतंय

सकाळी पैलवानाचा मेसेज आला. “दादा, आता मला ग्रुपमधनं काढलं तरी चालतंय.” बास, एवढंच. पुढं हात जोडल्याची एक इमोजी.

मी तेव्हा दुधाची पिशवी कापत होतो. तेव्हापासून दिवसभर तेच डोक्यात. चालतंय म्हणजे काय? काढा म्हणायचंय की काढू नका? आपल्याकडं चालतंय म्हणजे काहीही असतं. रस्सा तिखट झाला, चालतंय. स्थळानं नकार दिला, चालतंय. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं तरी पहिल्या दिवशी चालतंयच.

पुण्याला तो जूनमध्ये गेला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या कॉम्प्युटर खेळात राजपुत्राच्या जागी मावळा घालून आम्ही हौसेनं आपला खेळ करतोय, ग्रुप त्याचाच. नोकरी लागली ती त्या मावळ्याचा व्हिडिओ दाखवून. मला आनंद झाला. म्हणजे, दुसऱ्या दिवशी झाला.

ऑफिसात हे सोपं असतं. राजीनामा, महिन्याची नोटीस, मागं उरलेल्याला काम समजावून सांगायचं, शेवटच्या दिवशी समोसे. आमच्यात पगारच नाही तर राजीनामा कुठला? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव कंपनीचं, त्यामुळं आमचा खेळ लोकांना फुकटच द्यायचा. इथं कुणी गेलेलं कळतच नाही. आधी रविवारच्या कॉलला त्याचं नेट जातं. मग फाईल ‘उद्या टाकतो’. मग नुसत्या निळ्या टिका. अक्काचंही तसंच... अक्काचं वेगळं होतं. ते आज नको.

संध्याकाळी खेळ उघडून बसलो. तिसरी लेव्हल, पन्हाळगडावरची अंधारबाव, म्हणजे तिथली जुनी विहीर. मूळ खेळात पडद्यावर एकावर एक तीन मजले असतात, प्रत्येकात दहा फरश्या. अंधारबावही तीन मजली. पायऱ्या उतरताना अक्काला ते सुचलं आणि ती तिथंच ओरडली, “अरे, मी आत्ता गेममध्येच उभा आहे!” त्यातून हे सगळं सुरू झालं. त्याआधी आम्हा सगळ्यांना तो खेळ कॉम्प्युटर क्लासमधलाच माहीत. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, आणि आमची बॅचही साठ मिनिटांची. त्यात सर पहिली वीस मिनिटं शिकवायचे. राजकन्या कुणीच पाहिली नव्हती.

मूळ खेळ १९८९ चा. जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि एकेका फ्रेमवरून राजपुत्र काढला. म्हणून तो इतका खरा पळतो. आम्हीही तसंच केलं. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पैलवान पळाला, वॉचमनच्या शिव्या खाल्ल्या, आणि घरी जाऊन त्यानं स्वतःवरूनच मावळा गिरवला. पळताना त्याचा डावा खांदा जरा खाली जातो. मावळ्याचाही जातो.

पळणं झालं, उडी झाली, कठड्याला लोंबकळणं झालं. सावध पाऊल राहिलं. शिफ्ट दाबून बाण दाबला की राजपुत्र मोजून एक पाऊल टाकतो, कडेला आला की थांबतो. खाली खिळे असले की तेवढंच कामाला येतं. त्या फ्रेमा पैलवान काढणार होता. त्या नसल्यामुळं आमच्या अंधारबावीत असं होतं: मावळा रुबाबात कडेपर्यंत येतो, शिफ्ट दाबलं की त्याच्या जागी पांढऱ्या पायजम्यातला तो मूळ इराणी राजपुत्र एक पाऊल टाकतो, आणि थांबला की परत मावळा. आधी आम्ही यावर पोट धरून हसलोय. आज हसू आलं नाही.

मग ग्रुप मागं मागं सरकवत गेलो. जूनपर्यंत. त्यानं लिहिलं होतं, “दादा, सिलेक्शन झालं. पण आपल्या कामाचं काय करायचं?” त्याखाली माझं उत्तर: “चालतंय की भावा! आम्ही बघतो.”

म्हणजे शब्द माझाच. त्यानं विचारलं होतं काय करायचं, आणि मी भारदस्तपणे ‘आम्ही’ म्हणून मोकळा झालो. कोण आम्ही? मी, आणि संगीतवाला, जो मार्चपासून फक्त शुभ सकाळ पाठवतो.

दुसऱ्यांची उदाहरणं आठवून बघितली. ‘फॉलआउट: लंडन’ करणाऱ्या चाहत्यांची मुख्य लेखिका तर मूळ खेळाच्या कंपनीनंच नोकरीला नेली, तरी २०२४ च्या जुलैत त्यांचा खेळ आला. चाहत्यांनीच केलेला ‘ब्लॅक मेसा’ २०१२ ला शेवटच्या भागाशिवायच बाहेर पडला, तो भाग पुरा व्हायला २०२० उजाडलं. पण त्यांच्याकडं माणसं ढिगानं. आमच्यात एक गेला की एक अवयव जातो. आमचे तर पायच गेले. मूळ शूटिंगही पैलवानाच्या जुन्या लॅपटॉपवर होतं आणि तो त्यानं पुण्याच्या डिपॉझिटसाठी विकला. मूळ खेळाचा कोड असलेल्या मेकनरच्या हरवलेल्या डिस्का निदान त्याच्या वडिलांना सापडल्या. पैलवानाचे वडील असल्या गोष्टी भंगारात घालतात.

जेवण झाल्यावर पोरीला म्हटलं, चल गच्चीवर, मोबाईल घे. लुंगी सोडून ट्रॅकपँट घातली. कठड्याच्या बाजूनं मोजून पाऊल टाकायचं, थांबायचं, परत टाकायचं. ती म्हणाली, “पप्पा, चोर आल्यासारखं वाटतंय.” म्हटलं, असू दे, अंधारबावीतनं चाललोय. “पण पोट आत घ्या की.” घेतलं. घेतल्यावर श्वास घेता येईना, त्यामुळं पाऊल फारच सावध पडलं. डावा खांदा खाली टाकायचाही प्रयत्न केला, तर ती म्हणाली, “मान आखडली काय?” शेजारच्या गच्चीवरनं काकू बघत होत्या. त्यांना सकाळी काय सांगायचं ते सकाळी बघू.

आत्ता साडेअकरा झालेत. पैलवानाला उत्तर दिलेलं नाही, ग्रुपमधनंही काढलेलं नाही. पंधरा फ्रेमा कामाच्या निघाल्या. त्यातल्या नऊमध्ये माझ्या पायांमागं पाण्याची टाकी आलीय.