तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पण या बाईंनी शोध कोणता लावला?’

बुरशीवर कुठंही बोलायला उभी राहिले की डच शास्त्रज्ञ योहाना वेस्टरडाइक यांचं नाव माझ्या तोंडी येतंच. आणि ते आलं की शेवटी एक हात वर होतो: ‘पण मॅडम, त्यांनी शोध कोणता लावला?’ प्रश्न रास्त आहे. पेनिसिलिन म्हटलं की फ्लेमिंग आठवतात, तसं यांच्या नावापुढं काय लिहायचं? उभ्याउभ्या दोन वाक्यांत मला ते कधी जमलं नाही, म्हणून आज सविस्तर.

आधी माझी एक फजिती सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे बुरशीची सतरा कल्चर्स होती. कल्चर म्हणजे काचेच्या नळीत तिरपा थिजवलेला अगार, म्हणजे जेलीसारखं खाद्य, आणि त्यावर वाढलेली एकाच जातीची बुरशी. अगार सुकत जातो, त्यातलं खाद्य संपतं. म्हणून दर काही महिन्यांनी सुईच्या टोकावर मावेल एवढा तुकडा नव्या नळीत न्यायचा. याला सबकल्चर म्हणतात. अत्यंत कंटाळवाणं काम. पेपर लिहायच्या नादात मी ते पुढं ढकलत राहिले. कपाट उघडलं तेव्हा सहा नळ्या वाळून चामड्यासारख्या झालेल्या. उरलेल्यांत माइट शिरलेले. हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे एका नळीतून दुसरीत फिरतात आणि बीजाणू अंगावर घेऊन जातात. त्यामुळे कुठल्या नळीत मूळची कुठली बुरशी, हेच कळेना. गाईड काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता हे ऐका. १९०७ साली बुरशीच्या जिवंत कल्चर्सचा डच संग्रह, ज्याला सीबीएस म्हणतात, चोवीस वर्षांच्या वेस्टरडाइकबाईंच्या ताब्यात आला. तेव्हा त्यात जेमतेम ऐंशी कल्चर्स होती. त्यांनी संचालकपद सोडलं १९५८ साली, तोवर आकडा दहा हजारांच्या घरात गेला होता. मध्ये दोन महायुद्धं, त्यातल्या दुसऱ्यात देश जर्मनांच्या ताब्यात. सतरा नळ्या न सांभाळता आलेल्या माणसाला या आकड्याची किंमत कळते.

खरं तर त्यांना पियानोवादक व्हायचं होतं. हाताच्या दुखण्यानं ते राहिलं. ॲमस्टरडॅममध्ये वनस्पतिशास्त्र शिकल्या. पण ज्या प्रकारच्या शाळेतून आल्या होत्या, तिच्या प्रमाणपत्रावर तिथं डॉक्टरेट मिळत नव्हती. मग म्युनिकला गेल्या आणि १९०६ साली झुरिकहून डॉक्टरेट घेतली. विषय मॉस, म्हणजे शेवाळासारख्या त्या चिमुकल्या हिरव्या वनस्पती. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या विली कोमेलिन स्कोल्टन प्रयोगशाळेच्या संचालक झाल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं आईवडिलांनी काढलेली ती संस्था, काम वनस्पतींच्या रोगांचं. १९१७ साली उट्रेक्ट विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या, नेदरलँड्समधल्या पहिल्या महिला प्राध्यापक. लोक इथंच टाळ्या वाजवतात आणि थांबतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

पहिलं महायुद्ध संपता संपता त्या देशातले एल्म वृक्ष ऐन उन्हाळ्यात पिवळे पडून वाळू लागले. कुणी म्हणे पाऊस कमी पडला, कुणी म्हणे युद्धातला विषारी वायू. वाखेनिंगेनच्या दिना स्पीरेनबुर्ख यांनी १९२१ साली रोगाचं वर्णन केलं. वेस्टरडाइकबाईंची विद्यार्थिनी बेया श्वार्त्स हिनं रोगट लाकडातून बुरशी वेगळी काढली आणि गुन्हेगार हीच, असं प्रबंधात मांडलं. पुष्कळांनी मानलं नाही. दोष बॅक्टेरियाचा, असं म्हणणारेही होते. मग दुसरी विद्यार्थिनी क्रिस्टीन बुइसमन कामाला लागली. योग्य हंगामात निरोगी झाडांना तीच बुरशी टोचून तिनं रोग घडवून दाखवला. तेव्हा १९२७ साल उजाडलं होतं. सालीखाली राहणारे भुंगेरे ही बुरशी झाडोझाडी नेतात. आणि बुरशीला अडवायच्या धडपडीत झाड स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नलिका बुजवून बसतं. मरतं ते तहानेनं. रोगाला नाव पडलं ‘डच एल्म डिसीज’, जणू तो तिथूनच निघाला. रोग ओळखणाऱ्यांच्याच माथी त्याचं नाव मारण्याचा हा प्रकार मला अजून खटकतो.

या कामात बाईंचा शोध कोणता? विषय हेरला त्यांनी, जागा दिली त्यांनी, एक मुलगी थांबली तिथं दुसरीला उभं केलं त्यांनी. छापून आलं ते मुलींच्या नावानं. पन्नासहून अधिक जणांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, आणि त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. विज्ञानात हे ‘शोध’ या रकान्यात बसत नाही, हा दोष रकान्याचा.

आणि हे सगळं सुतकी चेहऱ्यानं नाही. १९२० नंतर प्रयोगशाळा बार्न या गावी एका मोठ्या बंगल्यात होती. काम करा आणि मेजवान्याही झोडा, मनं त्यानंच घडतात, अशा अर्थाचं यमक हे तिथलं ब्रीद. सिगार ओढणाऱ्या, पियानो वाजवणाऱ्या या प्राध्यापकबाई ते अक्षरशः पाळत.

कंटाळवाण्या सांभाळण्याचं फळ कधी मिळेल, सांगता येत नाही. जर्मन ताब्याच्या काळात डेल्फ्टमधल्या यीस्टच्या कारखान्यात लपूनछपून पेनिसिलिन बनवलं गेलं. ‘बॅसिनॉल’ हे त्याचं सांकेतिक नाव. बुरशी बार्नच्या सीबीएस संग्रहातली. ती नळीत ठेवणाऱ्याला तेव्हा हे स्वप्नातही आलं नसणार.

२०१७ साली हा संग्रह सांभाळणाऱ्या संस्थेला वेस्टरडाइक यांचं नाव मिळालं. नळ्यांवरची ‘सीबीएस’ ही अक्षरं मात्र बदलली नाहीत. हात वर करणाऱ्या मुलांना मी हल्ली एवढंच सांगते: बुरशीवरचे चार-पाच पेपर काढा आणि त्यातला ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग वाचा, जो कुणी वाचत नाही. कुठं ना कुठं ‘सीबीएस’ आणि पुढं एक क्रमांक सापडेल.