आईची वाळूची वाट

जानेवारीतला रविवार होता. चांगदेव गावाजवळ आतेभावाचं शेत आहे, तिथे भरीत पार्टी ठरली होती. खानदेशात हिवाळा आला की हे ओघानं येतंच. बामणोदची हिरवी, लांबट वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. भुसावळहून मी आईला घेऊन गेले ती एवढ्याचसाठी. पाण्यात उतरायचा विचार कुणाच्याही मनात नव्हता.

जेवणं उरकल्यावर आई म्हणाली, "आता एवढं आलोय तर चांगदेवाचं दर्शन घेऊ." मंदिर काळ्या दगडाचं, हेमाडपंती, तापी-पूर्णेच्या संगमाच्या काठावर. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती आई बोट लावून लावून बघत होती. दर्शन झालं आणि आम्ही पाण्याकडे उतरलो. खाली एक मासेमारी करणारे काका जाळं झटकत होते. शेजारी त्यांची नाव टेकलेली. पत्र्याची, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, कॅनूच्या घाटाची. आई नुसती बघत उभी राहिली. काकांनी ते पाहिलं.

"बसा न ताई. भीऊ नका, पाणी गरीब झालंय आता."

पाणी खरोखरच गरीब होतं. हे हतनूर धरणाच्या फुगवट्याचं पाणी, पण आम्हा भुसावळकरांना हतनूर ठाऊक असतं ते पावसाळ्यातलं. धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी येते, तापीकाठच्या गावांना इशारा जातो, पुलावर पूर बघायला गर्दी जमते. तेच पाणी त्या दिवशी संध्याकाळी चारच्या उन्हात ताटासारखं पसरलं होतं. सुरकुतीही नाही.

काकांनी आधी तोंड घट्ट बंद केलेले दोन रिकामे कॅन आम्हा दोघींजवळ दोरीनं बांधले. "काही झालं तर हे धरायचं, आणि आपण काठाकाठानंच जायचं." माझ्या मते लाइफ जॅकेट असल्याशिवाय पाण्यात जाऊच नये, आणि पुढच्या वेळी मी ती घेऊनच जाणार आहे. पण त्या माणसाची काळजी अगदी खरी होती. आईला त्यांनी मधोमध तळाशी बसवलं, मला पुढे गुडघ्यांवर. उंच बसलं की नाव कलते, वजन जितकं खाली तितकी ती शांत. ते स्वतः मागे बसले, कारण दिशा मागचा माणूस देतो.

त्यांनी मलाही एक वल्हं दिलं. पहिली पाचदहा मिनिटं माझ्या प्रत्येक फटक्याला नावेचं तोंड डावीकडे वळायचं, कारण मी वल्हवत होते उजवीकडून. काका मागून एकेक फटका संपवताना वल्ह्याचं पातं किंचित बाहेर वळवायचे आणि तोंड परत सरळ यायचं. "पाण्याला मारू नका ताई, पाणी धरा आणि मागं सोडा," ते म्हणाले. ते जमलं तेव्हा आवाज बंद झाला. वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब तेवढे ऐकू येत होते, आणि लांब कुठेतरी केळीच्या बागेतल्या माणसांचं बोलणं, जणू शेजारी बसून बोलतायत इतकं स्पष्ट.

पुढे वारकऱ्यांचा मोठा थवा होता. वारकरी म्हणजे चांदवा पक्षी, अंगानं काळाभोर आणि कपाळावर पांढरा टिळा. मुक्ताईच्या गावाजवळ या पक्ष्याला हेच नाव शोभतं. आम्ही जवळ गेलो तसे ते पाण्यावरून पावलं आपटत पळाले आणि मग उडाले. हिवाळ्यात इथं चक्रवाकही येतात. एक जोडी गाळाच्या उंचवट्यावर उभी होती, नारिंगी, उन्हात पेटल्यासारखी. काठावरून दुर्बिणीतून मी हे पक्षी आधी पाहिलेत. पण नावेत आपली नजर पाण्याच्या पातळीला असते, आणि पक्षी आपल्यापेक्षा उंच दिसतात. मला ते फार आवडलं.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं हात पाण्यात सोडला आणि म्हणाली, "इथं वाळू होती."

तिचं आजोळ रावेरकडच्या काठावर. धरण १९८२ साली पूर्ण झालं, त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी ती महाशिवरात्रीच्या यात्रेला आजीचा हात धरून तापीच्या पात्रातून चालत चांगदेवला यायची. गुडघ्याएवढं पाणी, बाकी सगळी वाळूच. दुपारी ती इतकी तापायची की आजी तिच्या पायांना पळसाची पानं बांधायची. वाटेत आजी गोष्ट सांगायची. एवढे मोठे योगी चांगदेव, पण ज्ञानेश्वरांना पत्राचा मायना काय लिहावा हेच कळेना म्हणून त्यांनी कोरा कागद पाठवला. उत्तरात ६५ ओव्या आल्या. आणि पुढे त्यांची गुरू झाली ती छोटी मुक्ताई.

"आजी म्हणायची, मुक्ताई इथंच तापीकाठी विजेत गेली," आई म्हणाली, "म्हणून नदीत चालताना मी आभाळाकडे बघत चालायची."

काका ऐकत होते. त्यांनी वल्हं आत ठेवलं, बांबू उचलला आणि सरळ खाली सोडला. पाणी पुरुषभर. मग बांबू थांबला नाही, हळूहळू आत शिरतच राहिला, आणखी हातभर, आणखी हातभर. "वाळू या खाली आहे बाई," ते आईला म्हणाले. "आता वर सगळा गाळ. इकडून बऱ्हाणपूरकडची तापी आणते, तिकडून पूर्णा आणते वऱ्हाडातला." बांबू वर काढला तेव्हा त्याच्या टोकाला काळा, लोण्यासारखा गाळ होता. आईनं तो बोटावर घेतला, चोळून बघितला, आणि बोट धुतलं नाही.

उत्तरेला सातपुडा निळा पडत चालला होता. धरणाच्या बाजूला सूर्य खाली आला आणि वाऱ्याची पहिली झुळूक आली, पाण्यावर बारीक चुणी उठली. काका लगेच म्हणाले, "चला, वळू." आम्ही वळलो. परतताना मंदिर पाण्यातून वर येत गेलं, आधी माथा, मग भिंत, मग पायऱ्या.

काठावर काकांनी पैसे घ्यायला नकार दिला. मग आईनं डब्यातलं उरलेलं भरीत आणि दोन भाकरी त्यांच्या हातात दिल्या, आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

गाडीत बसताना आईनं चपला हातात घेतल्या होत्या. तिचे पाय ओले होते आणि घोट्यापर्यंत काळा गाळ लागला होता. घरी येईपर्यंत तो वाळून पांढुरका झाला, पण तिनं तो पुसू दिला नाही.