मासा-खेबेट की मासाझे-बेट?

आज डच क्लासला बाईंनी फळ्यावर एकच लांबलचक शब्द लिहिला, massagebed, आणि म्हणाल्या, वाचा. कुणी वाचलं मासा-खेबेट, म्हणजे सामूहिक प्रार्थना, कुणी मासाझे-बेट, म्हणजे मसाजचा पलंग. अक्षरं तीच, एकही इकडची तिकडे नाही, फक्त कुठे तोडता त्यावर अर्थ आणि त्या एका g चा उच्चार पण बदलतो! मी खरंच थक्क झाले.

डच लोक दोन नामं मध्ये जागा न सोडता सरळ चिकटवतात. हातमोजा म्हणजे हात+बूट, हॉस्पिटल म्हणजे आजारी लोकांचं+घर, व्हॅक्युम क्लीनर म्हणजे धूळ+शोषक. आणि शेवटचा शब्द मालक, पुढे 'दे' लागणार की 'हेट' (इंग्रजी the सारखी डच उपपदं, शब्दाच्या लिंगानुसार बदलणारी) ते तोच ठरवतो. अगदी आपल्या तत्पुरुष समासासारखं, राजवाडा मधला वाडा पुल्लिंगी म्हणून अख्खा शब्द पुल्लिंगी. शाळेत घोकलेला समास इथे नेदरलँड्सच्या आइंडहोवेनमध्ये कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

पॅनकेकच्या डच शब्दात (pannenkoek) जोडाच्या जागी एक 'न' (n) लिहायचा हे 1995 च्या नियमांपासून आलंय, आधी नव्हता, आणि बहुतेक लोक बोलताना तो 'न' म्हणतच नाहीत.

मला सगळ्यात आवडलं ते बो-मेन आणि बोम-मेन. पहिलं झाडं, दुसरं बॉम्ब. एक म जास्त लिहिला की आधीचा स्वर आखूड होतो, बास एवढंच. घरी येताना बसमध्ये प्रत्येक पाटी तोडून तोडून वाचत होते, स्टॉप कधी आला कळलंच नाही.