हळदीकुंकू, बर्फ आणि रिकामं पार्किंग

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. बाहेर उणे सहा.

आज संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अंगात पैठणी, वर गुडघ्यापर्यंतचं जाडजूड जॅकेट आणि पायात स्नो बूट. मिनेसोटात सतरा वर्षं काढल्यावर या ध्यानाचं आता काही वाटत नाही. सँडल एका पिशवीत, वाण दुसऱ्या पिशवीत, हलव्याचा डबा मागच्या सीटवर.

पुण्याहून ऑक्टोबरात आलेली एक मुलगी तिथे होती. इथला पहिलाच हिवाळा. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला बर्फात गाडी चालवायला आवडतं का हो?"

सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. रात्रपाळीला हॉस्पिटलात जाणारी म्हणाली, "आवडनिवड विचारतंय कोण, पोचावं लागतं." दुसरी म्हणाली, जीव मुठीत धरून चालवते आणि घरी आल्यावर आधी देवाजवळ दिवा लावते. जिच्या घरी होतो ती नाशिककरीण म्हणाली, "माझ्या नवऱ्याला फार आवडतं. म्हणूनच हिवाळ्यात गाडी मी चालवते." त्यावर बराच वेळ हसणं चाललं. ती मुलगी माझ्याकडे वळली तेव्हा मी "छे गं बाई" म्हटलं आणि मटार करंजी तोंडात घातली.

खोटं बोलले. म्हणजे अर्धंच खोटं, पण बोलले.

मग ज्येष्ठपणाची झूल पांघरून तिला टायरवर व्याख्यान दिलं. ऑल-सीझन या नावाला भुलू नकोस, कडाक्याच्या थंडीत त्यांचं रबर लाकडासारखं होत जातं. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण टायरच्या बाजूला असते, ती बघून घे. खिळ्यांच्या टायरांचं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, इथल्या रहिवाशांना त्यांची बंदी आहे, रस्ते उखडतात. फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून छाती फुगवू नकोस, ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. पहिल्या बर्फाच्या सकाळी हायवेच्या कडेच्या खड्ड्यात बघ, उंच ऐटबाज गाड्याच जास्त दिसतील. ती बिचारी मान डोलवत होती. तिला यादी नकोच होती बहुधा. मी घाबरते का, एवढंच हवं होतं.

घाबरते ना. दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट तिला सांगितली नाही. मुलगा चार वर्षांचा, मागे त्याच्या सीटमध्ये बांधलेला. उताराच्या टोकाला सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला आणि पायाखाली कर्रकर्रकर्र असं काहीतरी थरथरायला लागलं. एबीएस, म्हणजे चाकं अडकू नयेत म्हणून ब्रेक झटक्याझटक्यानं लावणारी यंत्रणा, हे नाव ऐकलेलं होतं, पण पायाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं ब्रेक मोडला, म्हणून मी पाय उचलला! गाडी ताशी दहा-बारा मैलांनी, अगदी सावकाश, नवरीसारखी सरकत चौकात गेली. इतकी सावकाश, की समोरून येणाऱ्या बाईचा चेहरा मला नीट दिसला, तिनं तोंडावर हात ठेवला तोही दिसला. ती थांबली म्हणून निभावलं. माझं पुढचं चाक फुटपाथच्या कठड्यावर आदळलं आणि सगळं शांत झालं. हातपाय कापताहेत, मागे वळून बघण्याचा धीर नाही, तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, परत!"

त्या दिवशी मजा आलेला गाडीतला एकमेव माणूस तो. त्याच्या हातात स्टीअरिंग नव्हतं.

अण्णांना फोनवर हे सांगितलं होतं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, वाई आगाराला. पसरणीचा घाट त्यांनी पावसात किती वेळा चढ-उतार केला असेल त्याची मोजदाद नाही. समोर धुकं, काचेवर हाताचा पंजा फिरवत वळण काढायचं आणि मागे पन्नास माणसं, निम्मी उलटीच्या तयारीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बर्फात ब्रेक लागतो कसा?"

"लागत नाही."

"मग गिअरवर का नाही धरलीस? ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं."

माझी गाडी ऑटोमॅटिक, पण तिलाही खालचा गिअर असतो हे मला त्या दिवशी वाईहून कळलं. आजही रॅम्पच्या उतारावर ब्रेकआधी माझा हात गिअरकडे जातो. त्यांनाही मी एकदा विचारलं होतं, घाटात गाडी चालवायला आवडतं का. "मोकळी गाडी घेऊन आगारात चाललो की आवडायचं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

आता आजचं. दुपारी तापमान शून्याच्या वर गेलं, रिमझिम झाली, संध्याकाळी सगळं गोठलं आणि वरून पिठीसाखरेसारखा बर्फ भुरभुरला. याच्याइतका वाईट रस्ता नाही. लोकांना वाटतं उणे पंचवीसला जास्त घसरत असेल. उलट असतं. कडक थंडीत बर्फ कोरडा होतो, बुटाखाली करकरतो, टायरही त्याला थोडं धरतं. शून्याच्या आसपास मात्र त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि मग तेलकट फरशी. मीठ फेकतात ते अशा वेळी उपयोगी पडतं. उणे नऊच्या खाली साधं मीठ फारसं काही करत नाही, नुसतं बुटांवर आणि गाडीच्या पत्र्यावर उरतं.

ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावर गोठलेला पातळ पारदर्शक थर, काळा नसतो. दिसतच नाही, डांबर नुसतं ओलं दिसतं. तो ओळखायची माझी खूण एकच. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागून तुषार उडत नाहीत, म्हणजे ते पाणी नाही. आणि टायरचा आवाज अचानक बंद होतो. हायवेवर एरवी सतत जी घरघर असते ती जाते, कुणी कानावर उशी ठेवावी तशी. आज परत येताना पुलावर नेमकं तेच झालं. पूल नेहमी आधी गोठतात, वारा खालूनही लागतो ना. मी काहीच केलं नाही. ब्रेक नाही, गॅस नाही, हात सरळ. नवशिक्याला हे ‘काहीच न करणं’ शिकवता येत नाही. सगळं अंग ओरडत असतं, काहीतरी कर म्हणून. पूल संपला, घरघर परत आली, आणि मला लक्षात आलं की मी हसतेय.

शेजारचे आजोबा माझ्यावर हसतील. ते खरे बर्फातले. १९९१ च्या हॅलोविनला इथे २८ इंचांवर बर्फ पडला होता, ते वादळ ते अजून परवाचं असल्यासारखं सांगतात. त्यांना गोठलेल्या तळ्यावर ट्रक घालण्यात आनंद. एकदा मिल लॅक्स तळ्यावर मासेमारीच्या खोपटापर्यंत आम्हाला घेऊन गेले होते. बर्फावर पाऊल टाकायचं तर किमान चार इंच लागतो, ट्रकला फुटाच्याही वर. बर्फावर चढताच त्यांनी आम्हाला पट्टे सोडायला लावले आणि काचा खाली केल्या, बुडालो तर बाहेर पडता यावं म्हणून. आणि गाडी बैलगाडीसारखी. वेगानं गेलं तर बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि पुढचा बर्फ फोडते. मधूनच खालून लांबवर ढुमऽऽ असा आवाज यायचा. "तळं बोलतंय," आजोबा खुशीत म्हणाले. मला ऐकायचंच नव्हतं ते काय बोलतंय. तो आनंद त्यांचा त्यांना लखलाभ.

(आनंदाचंच म्हणायचं तर प्लाऊवाले. इथलं परिवहन खातं बर्फ काढणाऱ्या गाड्यांची नावं लोकांकडून मागवतं. २०२१ मध्ये प्लाउई मॅकप्लाउफेस निवडून आलं, पुढच्या वर्षी बेटी व्हाइटआउट. मी दर वर्षी ‘बर्फोबा’ पाठवायचं ठरवते आणि तारीख टळून जाते.)

तर आज. घराच्या अलीकडे एक बंद पडलेलं मोठं दुकान आहे. त्याचं पार्किंग म्हणजे पोलो ग्राउंड, दिव्याचे खांब फक्त कडेला. दहा वाजून गेले होते, चिटपाखरू नव्हतं. अख्ख्या मैदानावर कुणाचं चाक उमटलेलं नव्हतं. मी इंडिकेटर दिला, कुणासाठी दिला देव जाणे, आणि आत वळले. घसरण आवरणारं बटण बंद केलं, डॅशबोर्डवर नागमोडी रेघांची गाडी पेटली. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, गॅसवर पाय.

पहिल्यांदा नुसती रेटत पुढे गेली. दुसऱ्या खेपेला पाय झटकन काढला तेव्हा मागचा भाग सुटला आणि खांब, दुकान, झाडं, खांब असं सगळं काचेतून डावीकडून उजवीकडे वाहत गेलं. बांगड्या खणखणल्या. ज्या बाजूला मागचं घसरतंय त्याच बाजूला स्टीअरिंग द्यायचं, हे पुस्तकात वाचून समजतं पण पटत नाही. तिसऱ्या गिरकीला ते हातांना आपोआप पटलं आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. चौथी मात्र सरावासाठी नव्हती, हे इथे लिहून ठेवते. मोठ्यानं "परत!" म्हणाले.

पाचवी घेणार तेवढ्यात कोपऱ्यात पिवळा दिवा फिरताना दिसला. पुढे फाळ लावलेला पिकअप, पार्किंग साफ करायला आलेला. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी काच खाली केली, पैठणीचा पदर सावरला आणि हात वर केला. त्यानं हेडलाइट दोनदा मारले आणि फाळ खाली न करता थांबून राहिला, माझं आटपायची वाट बघत. मग मात्र लाज वाटली आणि निघाले.

नवरा जागा होता. "रस्ता कसा होता?"

"घाण," म्हटलं.

चिरंजीव आता एकवीस वर्षांचे, सुट्टीला घरी आलेत. सकाळी गाडी त्यांना हवी आहे. हलव्याचा डबा मागच्या सीटवर उपडा झालाय, काटेरी पांढरे दाणे सीटच्या फटीत, पायपुसण्यावर, अगदी मागच्या काचेपर्यंत उडालेत. तो उठायच्या आत वेचायला हवेत.