काडेपेटीचा पलंग

वाईच्या काकांचं घर करायला घेतलं तेव्हा मी आधी प्लॅन दाखवला. काकांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला आणि म्हणाले, "छान आहे." मग लॅपटॉपवर थ्रीडी दाखवलं. त्यात संध्याकाळचं ऊन, दारात गाडी आणि हिरवळीवर एक अनोळखी गोरी बाई. त्यालाही "छान". आमच्या आर्किटेक्टच्या धंद्यात या शब्दाची मला धास्ती वाटते. प्लॅन न कळलेला माणूस आधी छान म्हणतो आणि भिंती उभ्या राहिल्या की बोलायला लागतो.

म्हणून दोन रात्री बसून मॉडेल केलं. 1:50, म्हणजे खरा एक मीटर इथे दोन सेंटीमीटर. या मापात 5 मिलीमीटरचा सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा बोर्ड, उभा केला की जवळजवळ नऊ इंची भिंतच होते. स्टीलची पट्टी घट्ट दाबायची, कटरला नवं पातं लावायचं आणि एका दमात न कापता तीन-चार हलके हात फिरवायचे, नाहीतर कड दातरी येते. फेव्हिक्विकने माझी दोन बोटं जिन्याला चिकटली, ती सोडवताना एक पायरी गेली. माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, लेसरवर कापून आणला असता तर हे टळलं असतं. पण जिन्याखालून जाताना डोकं आपटणार, हे मला पायऱ्या चिकटवतानाच दिसलं. छप्पर मुद्दाम सुटं ठेवलं.

काकूने आल्या आल्या तेच उचललं. आत डोकावली, स्वयंपाकघरातून काडेपेटी घेऊन आली आणि बेडरूममध्ये ठेवली. "हा पलंग समज." 1:50 ला काडेपेटी म्हणजे बऱ्यापैकी डबल बेडच! दार उघडायला गेले तर अर्ध्यातच अडलं.

"अगं, मग मी आत कुठून जाऊ? खिडकीतून?" काकू म्हणाली.

काका तोवर उठले होते. त्यांनी मॉडेल अंगणात नेलं आणि प्लॉटच्या दिशा बघून ठेवलं. उन्हाला स्केल नसतं. चारचं ऊन खऱ्या घरात जिथे पडणार तिथेच, म्हणजे थेट गॅसच्या ओट्यावर पडलं. मग दोघं तासभर बोलत होते, आणि 'छान' एकदाही आलं नाही.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसाठी त्याचा आर्किटेक्ट ख्रिस्तोफर रेन याने 1673-74 मध्ये ओक लाकडाचं मॉडेल करून घेतलं होतं. सहा मीटरहून लांब, आत माणूस उभा राहील एवढं. धर्मगुरूंना ते डिझाइन काही पटलं नाही. पुन्हा म्हणून मॉडेल करायचं नाही, असं रेनने तेव्हा ठरवलं म्हणतात. मॉडेल अजून त्या कॅथीड्रलमध्ये जपून ठेवलंय. रेनचा वैताग मी समजू शकते. त्याच्याकडेही कोणीतरी काडेपेटी घेऊन आलं असणार.

आम्ही दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेतल्या, ओटा पूर्वेला सरकवला. घर झालं. पुढच्या दिवाळीत वाईला गेले तर पुतण्याने अंगणात किल्ला केला होता, अळीव छान उगवून आले होते आणि पायथ्याला गाव म्हणून माझं मॉडेल मांडलं होतं. गच्चीवर आठ सेंटीमीटरचा मावळा पहाऱ्याला उभा. माझ्या मापाने तेरा फुटी.